किलीची अंडी आणि श्रीखंडाचे डबे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी किलीफिशची ओळख करून दिली होती. अंडी घालणारे, बोटाएवढे मासे. नर झगझगीत, मादी साधी. त्यातल्या काही जाती अशा की तळं आटलं की मासे मरून जातात आणि अंडी मात्र चिखलात पुढच्या पावसापर्यंत टिकून राहतात. त्यावर भरपूर पत्रं आली. निम्म्या पत्रांत एकच वाक्य होतं: "अंडी कुठे मिळतील?" ते मी इथे छापणार नाही. पाळणाऱ्याचा पत्ता छापला की त्या बिचाऱ्याचा फोन महिनाभर थांबत नाही. तुमच्या गावातल्या मासेवाल्या मंडळींत चौकशी करा, कोणी ना कोणी निघतंच. उरलेल्या पत्रांतली काही इथे घेते.

दुकानातून 'गोल्डन किली'ची जोडी आणली आणि गप्पींच्या टाकीत सोडली. आठवड्याभरात गप्पींची पिल्लं दिसेनाशी झाली, आता मोठ्या गप्पींच्या शेपट्याही कुरतडलेल्या दिसतात. चूक कोणाची? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

माशाची नाही आणि तुझीही नाही. विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. दुकानात 'गोल्डन वंडर' म्हणून मिळतो तो अप्लोचिलस लिनिएटस, म्हणजे आपल्याच दक्षिण भारतातल्या ओढ्यांतला मासा. पिवळा रंग तेवढा माणसाने निवडून निवडून पक्का केलेला. तो दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याचं तोंड बघ, वर वळलेलं आहे, आणि पाठ सपाट. पाण्याच्या पृष्ठभागाखाली काडीसारखं निश्चल थांबायचं आणि हललं ते गिळायचं, हा त्याचा धंदा. गप्पीचं पिल्लू म्हणजे त्याच्या लेखी डासाची अळीच. त्याला तोंडात न मावणाऱ्या माशांसोबत ठेव, बार्ब किंवा लोच चालतील. टाकीवर झाकण हवंच, आणि फिल्टरची नळी आत जाते ती फट कापसाने बुजव. किली मासा उडी मारतो तेव्हा नेमकी तीच फट शोधतो.

पैदास करून बघायची असेल तर माझा सल्ला मात्र दुसऱ्या माशाचा: फंडुलोपँचॅक्स गार्डनेरी. नायजेरिया-कॅमेरूनचा, साधारण सहा सेंटिमीटरचा, निळसर-हिरव्या अंगावर लाल ठिपके. नळाचं पाणी एक दिवस ठेवून क्लोरीन उडवलं की त्याला पुरतं. वीस लिटरच्या टाकीत एक नर आणि दोन-तीन माद्या ठेव. एकच मादी ठेवलीस तर नर तिला पिटाळून पिटाळून मारतो. लपायला जावा मॉस भरपूर घाल.

अंड्यांसाठी मॉप करायचा. त्याची रीत अशी. विणायची लोकर घ्यायची, पण अ‍ॅक्रिलिकची. खरी मेंढीची लोकर पाण्यात कुजते. हाताच्या पंजाभोवती पंचवीस-तीस वेढे घ्यायचे, एका टोकाला बांधून दुसरं टोक कापायचं आणि बुचाच्या तुकड्याला अडकवून तरंगत सोडायचं. आधी उकळत्या पाण्यात घालून रंग जातो का ते बघ. गडद हिरवी लोकर चांगली, तिच्यावर अंडी पटकन दिसतात. माझ्याकडचे सगळे मॉप नणंदेच्या उरलेल्या स्वेटरांमधून आले आहेत, आणि ती दर हिवाळ्यात त्याचा हिशेब मागते.

अंडं दीड मिलिमीटरचं, पारदर्शक आणि चक्क टणक. चिमटीत धरून उचलता येतं. फुटलं तर समजायचं की ते खराबच होतं. उथळ डब्यात पाणी, त्यात बुरशी रोखणाऱ्या मिथिलीन ब्लू या औषधाचे थेंब, अगदी फिकट निळं होईल इतकेच. पांढरं पडलेलं अंडं रोज काढून टाकायचं, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि पहिल्याच दिवसापासून ताजी फुटलेली आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारक्या कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं, खातात.

आमच्या परसातल्या विहिरीत कपाळावर चंदेरी ठिपका असलेले छोटे मासे आहेत. आरोग्य केंद्रातून डासांसाठी गप्पी मासे दिले आहेत. सोडू का? (गृहिणी, रत्नागिरी)

तुमच्या विहिरीत आधीच रखवालदार आहे, वहिनी. वरून बघताना डोक्यावर चमकतो तो ठिपका ही अप्लोचिलसची खूण. वर सोनेरी म्हणून ज्याचं वर्णन केलं त्याचाच हा रानातला भाऊ असावा: हिरवट अंग, खवल्यांवर सोन्याचे कण, मागच्या भागावर उभे काळे पट्टे. मादीच्या पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो, त्यावरून जोडी ओळखता येईल. केरळात हा इतका ओळखीचा की पोरांनाही त्याचं नाव, मानत्तुकण्णी, ठाऊक असतं. आपल्याकडे तो फक्त 'बारके मासे'.

डासाच्या अळ्या तो मनापासून खातो. गप्पी आणि गंबुसिया हे दोन्ही अमेरिका खंडातून आणलेले पाहुणे. गंबुसिया तर 1928 साली भारतात आला आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खाणारा म्हणून जगभर बदनाम आहे. बंद टाकीत, सिमेंटच्या हौदात गप्पी सोडायला माझी हरकत नाही. आरोग्य खात्याचा हेतू चांगलाच आहे. पण जिवंत झऱ्याच्या विहिरीत, जिचं पाणी पावसाळ्यात ओसंडून पऱ्ह्यात जातं, तिथे नको. दिलेले गप्पी अंगणातल्या हौदात सोडा.

आणि हो, विहिरीतले चार मासे काढून काचेच्या टाकीत जरूर ठेवा. कुठल्या आफ्रिकी माशाहून ते कमी नाहीत. मॉपवर अंडीही देतील, दोनेक आठवड्यांत फुटतील. उलटं मात्र करू नका: टाकीतला विकतचा सोनेरी मासा विहिरीत टाकू नका.

नोथोब्रँकियस गुंथेरीची पीटमधली (कुजलेल्या शेवाळाच्या भुसभुशीत मातीतली) अंडी एका मित्राकडून मिळाली. पिशवीवर '12 आठवडे' लिहिलं होतं. त्याच तारखेला भिजवली. पाच पिल्लं आली, त्यातली दोन तळाशी घसटत होती, मेली. उरलेलं पीट फेकून देऊ का? (संगणक अभियंता, पुणे)

फेकू नका. आधी ते पीट पाण्यातून काढा, दाबून निथळा आणि परत पिशवीत भरा. मग पुढचं वाचा.

गुंथेरी झांझिबारचा. तिथल्या पावसाळी डबक्यांत, खड्ड्यांत तो राहतो. डबकं आटणार हे ठरलेलं. कधी आटणार आणि परत कधी भरणार हे मात्र ठरलेलं नाही. एखादा वळवासारखा पाऊस येतो, खड्डा भरतो आणि आठवड्यात परत कोरडा पडतो. सगळी अंडी त्या पहिल्या पावसाला फुटली तर वंश संपला. म्हणून एकाच मादीची, एकाच दिवसाची अंडीसुद्धा एकाच वेगाने वाढत नाहीत. वाढ तीन ठिकाणी थांबू शकते. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी विखुरलेल्या असताना. दुसरा मधे, शरीराचा आराखडा तयार होऊन हृदय चालू झाल्यावर. तिसरा शेवटी, पिल्लू पूर्ण घडून कवचात गुंडाळून बसल्यावर. कोणतं अंडं कोणत्या थांब्यावर किती मुक्काम करेल हे उष्णतेवर, हवेवर आणि त्या अंड्याच्या मर्जीवर आहे. दुसऱ्या थांब्यावर काही अंडी महिनोन् महिने बसतात. तुमची पाच पुढे गेली, बाकीची अजून मुक्कामाला आहेत.

तेव्हा पिशवीवरचे '12 आठवडे' हा अंदाज आहे, परीक्षेची तारीख नव्हे. तुम्ही अभियंते लोक आकड्यावर फार विश्वास ठेवता. अंडं बघा. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग आणा, चिमूटभर पीट पांढऱ्या बशीत पसरा. अंडं नुसतंच काचेसारखं स्वच्छ दिसलं तर वाढ अजून झालेली नाही. आत काळे डोळे दिसले तर वाढ चालू आहे. डोळ्याभोवती सोनेरी कडं दिसलं आणि पिल्लू अख्ख्या अंड्यात मावेनासं झालं की भिजवायची वेळ. दहा अंडी बघितलीत तर त्यातली सात-आठ अशी असायला हवीत.

ओलावा किती ठेवायचा, हे तुम्ही विचारलं नाही, पण बिघडतं ते तिथेच. पीट मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, थेंब पडू नये. वरून बोट लावलं तर ओल जाणवावी, बोट ओलं होऊ नये. पीट महाग पडतं म्हणून रोपवाटिकेतली कोकोपीटची वीट वापरत असाल तर ती दोनदा उकळून, प्रत्येक वेळी पाणी बदलून घ्या, कारण काथ्यात मीठ राहिलेलं असतं. पिशवीऐवजी मी श्रीखंडाचे अर्धा किलोचे डबे वापरते. झाकण घट्ट बसतं, त्यावर मार्करने लिहिता येतं आणि एकावर एक रचता येतात. आमच्याकडे दसऱ्याला श्रीखंड डब्यांसाठी येतं असं घरचे म्हणतात. डबे कपाटात, अंधारात, 24-25 अंशांना. फ्रीजमध्ये कधीही नाही.

आता भिजवणं. पाणी जरा थंड हवं, 18-20 अंशांचं. पहिल्या पावसाचं पाणी थंडच असतं. खोली जेमतेम चार सेंटिमीटर. पिल्लू बाहेर पडल्यावर पृष्ठभागावर जाऊन हवेचा घोट घेतं आणि त्यातून त्याची हवेची पिशवी भरते. पाणी खोल असेल, किंवा पिल्लू अपुऱ्या दिवसांचं वा कवचात फार काळ अडकून अशक्त झालेलं असेल, तर ती पिशवी भरत नाही आणि ते आयुष्यभर तळाशी सरपटतं. तुमची दोन तशी होती. त्यांना वाचवण्याचा उपाय माझ्याकडे नाही.

पूर्ण तयार अंडी फुटायला टाळाटाळ करत असतील तर पाण्यावर माशांच्या कोरड्या खाद्याची चिमूट टाका. ते कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि आतल्या पिल्लाला बाहेर पडण्याची घाई होते. जुने पाळणारे अंडी छोट्या बाटलीत घालून ती खिशात टाकून दिवसभर हिंडायचे. हसू नका, त्यानेही पिल्लं निघतात.

तुमचं परत भरलेलं पीट तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघा, पुन्हा भिजवा. मग परत सुकवा, परत भिजवा. मला तर तिसऱ्या भिजवणीला पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं मिळालेली आहेत.

मोठ्या माशांबद्दल एक: नोथोंना, म्हणजे नोथोब्रँकियस मंडळींना, वेल्व्हेट हा रोग चटकन होतो. अंगावर पिवळसर भुकटी शिंपडल्यासारखी दिसते, मासा पर मिटून बसतो. लिटरला एक ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ पाण्यात कायम ठेवा.

चार-सहा महिन्यांत मरणारे मासे हौसेसाठी पाळणं निर्दयपणाचं नाही का? माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलंय, मला उत्तर देता आलं नाही. (नवी मुंबई)

तिला सांगा, प्रश्न बरोबर आहे. आणि हेही सांगा की त्यांचं आयुष्य आपण तोडत नाही, ते मुळातच तेवढं आहे. झिंबाब्वेच्या गोनारेझू अभयारण्यात 1968 साली सापडलेला नोथोब्रँकियस फुरझेरी हा मासा बघा. मोझांबिकमधल्या डबक्यांत तो अंड्यातून बाहेर आल्यापासून पंधराव्या दिवसाच्या आत वयात येतो, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढी घाई दुसऱ्या कोणाची माहीत नाही. डबकं आटण्याच्या आधी सगळं उरकायचं असतं. टाकीत पाणी आटत नाही, तरी तो काही महिन्यांत म्हातारा होतोच: रंग उतरतो, पाठ वाकते, हालचाल मंदावते. म्हणूनच म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत आज तो उंदरांच्या शेजारी बसलाय. उंदीर म्हातारा व्हायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

टाकीत त्याला बगळा खात नाही आणि उपासमार होत नाही. मला निर्दयपणा दिसतो तो दुसऱ्या ठिकाणी: मासे ठेवायचे आणि अंडी गोळा करायचीच नाहीत. तसं करणार असाल तर वार्षिक, म्हणजे एका पावसाळ्यापुरत्या जगणाऱ्या, जाती आणू नका. गार्डनेरी दोन-अडीच वर्षं सहज जगतो, मुलीसाठी तोच बरा.

याच घरातल्या मोठ्या मुलाने विचारलंय की 'पाणी ओता, मासे तयार' असं पाकीट विकायला काय हरकत आहे. बाळा, करून झालंय. 1960 च्या दशकात अमेरिकेत फ्रिस्बी आणि हुलाहूप विकणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीने हेच काढलं होतं, नाव 'इन्स्टंट फिश'. मागणी धो धो आली आणि माशांनी तेवढी अंडी द्यायला नकार दिला. धंदा बसला.

नागपूरचा उन्हाळा आणि किली, जमेल का? (निवृत्त शिक्षक)

जमेल सर, आणि मुंबईपेक्षा बरं जमेल. तुमची हवा कोरडी. टाकीचं झाकण काढून त्यावर जाळी लावा आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनाने पाणी खोलीपेक्षा दोन-चार अंश खाली येतं. माठ जसा गार होतो तेच हे. आमच्याकडे ठाण्यात मे महिन्यात हवाच इतकी दमट की पंखा लावून फक्त वीजबिल वाढतं. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचं किंवा पावसाचं पाणी घाला, नाहीतर क्षार साठत जातात. टाकी जमिनीवर, कूलरच्या खोलीत ठेवा. वरच्या फळीवर नको.

जात निवडताना जपून. गॅबनचा अफिओसेमियन ऑस्ट्राले, शेपटीची टोकं लांब असलेला तो देखणा मासा, 21 ते 24 अंशांत खूश असतो. त्याच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. गार्डनेरी 28 पर्यंत निभावतो. नोथोही निभावतात, पण गरम पाण्यात त्यांचं आयुष्य लवकर सरतं. फुरझेरीवरच्या प्रयोगात 22 अंशांवर ठेवलेले मासे 25 वर ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले होते. अंडीही उन्हाळ्यात घाईने वाढतात, थांबे गाळतात. तेव्हा मार्च ते जूनमध्ये डबे दर आठवड्याला तपासा.

माझ्याकडे दोन मित्रांकडून आलेले गार्डनेरी आहेत. एकांवर 'अकुरे' लिहिलंय, दुसऱ्यांवर 'मिसाजे'. दिसायला थोडे वेगळे. एकत्र ठेवले तर नवीन रंग येतील का? (नाशिक)

येतील. म्हणूनच ठेवू नका.

अकुरे नायजेरियातलं, मिसाजे कॅमेरूनमधलं. त्या त्या भागातून पूर्वी कोणीतरी मासे आणले, त्यांची पिल्लं, त्यांची पिल्लं, असं हातोहात तुमच्या नाशिकपर्यंत पोचलं. प्रत्येक हाताने डब्यावर गावाचं नाव लिहिलं म्हणूनच तुम्हाला ते कळलं. ती चिठ्ठी गेली की मासा राहतो, पण तो कुठला हे परत कधीच कळत नाही. काही जातींच्या मूळ ठिकाणी आज शेतं आणि रस्ते झालेत. तिथला वंश कुठे असलाच तर लोकांच्या टाक्यांत आहे. आणि माद्या दिसायला इतक्या सारख्या की एकदा मिसळल्या की वेगळ्या करणं विसरा. संकराची पुढची पिढी पुष्कळदा वांझ निघते, ते आणखी वेगळं.

मला या छंदातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. सुंदर टाकी कोणीही सजवेल. दोन टाक्या, दोन मॉप, दोन डबे ठेवा. प्रत्येकावर जात, गाव आणि अंडी काढल्याची तारीख. मॉप एका टाकीतून दुसरीत टाकण्याआधी उकळून काढा, एखादं अंडं त्याला चिकटलेलं असतंच. आणि कोणाला अंडी देताना चिठ्ठी न लावता देऊ नका, घेणारा कितीही म्हणाला की 'मला लक्षात राहील'.

पुढच्या महिन्यात भारतात येतेय. भाच्यासाठी इथल्या किली क्लबमधून अंडी आणली तर? ओल्या पीटची छोटी पिशवी, सामानात कळणारही नाही. (न्यू जर्सी)

कळणार नाही म्हणून आणू नका. अंडी म्हणजे जिवंत मासेच, त्यांच्या आयातीला परवाना आणि तपासणी लागते. त्या पीटमध्ये अंड्यांशिवाय आणखी काय काय मुक्कामाला असेल ते भिंगातूनही दिसत नाही. भाच्याला चांगली आर्टिमियाची अंडी आणावीत का, असंही तुम्ही विचारलंय. तीही नको, इथे मिळतात. त्याला घड्याळजीचं भिंग घेऊन द्या आणि कोकणात कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या ओढ्यावर घेऊन जा.

थोडक्यात:

सांगली: फिल्टर हवाच असं नाही. हवेवर चालणारा स्पंजचा पुरे, जोराचा प्रवाह किलींना आवडत नाही.

बेळगाव: एपिप्लाटिस अ‍ॅन्युलेटसची पिल्लं मेली ती आर्टिमिया नाकारून नव्हे, त्यांना ती खाताच येत नाही. तोंड फार बारीक. जुन्या, शेवाळलेल्या टाकीतच वाढू द्या, वरून इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, द्या.

अकोला: डासांच्या अळ्या खाऊ घालणं उत्तम, पण बादली उघडी ठेवून पैदास करू नका. शेजारी आधी तक्रार करतील आणि बरोबर करतील.

परभणी: नाही, मॉपला अंडी दिसत नाहीत म्हणजे मासे वांझ नाहीत. तुम्ही गोगलगायी ठेवल्यात, त्या अंडी खातात, त्या आधी काढा. मग आठवडाभर नर-मादी वेगळे ठेवा, जिवंत खाद्य द्या आणि संध्याकाळी एकत्र सोडा. सकाळी मॉप बघा.

घरी आर्टिमिया फुटत नाही अशी तक्रार करणारी पत्रं एवढी आहेत की तो विषय पुढच्या अंकात स्वतंत्रपणे घेते. तोवर पाण्यात मीठ लिटरला 25 ते 30 ग्रॅम आणि तापमान 27-28 अंश आहे ना, एवढं मोजून बघा, आणि पत्रात ते आकडे लिहा.